दंडात जोर आहे, पण पिचर आहेस का?

जबलपुरात मी पोरांना बेसबॉल शिकवतो. पिचर व्हायचंय म्हणून येणाऱ्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितो.

1. धावत येणं विसरा. क्रिकेटमधला जलदगती गोलंदाज पळत येऊन जोर मिळवतो. पिचर माउंडवर, म्हणजे मातीच्या उंचवट्यावर, उभा असतो आणि तिथूनच 60 फूट 6 इंचांवर चेंडू टाकतो. जोर पायांतून आणि कमरेतून यायला हवा. म्हणून सुरुवातीला मी फक्त पाय टाकायला शिकवतो. पोरं वैतागतात, वैतागू देत.

2. बेसबॉलवाल्या रिंकू सिंगची गोष्ट पुरती ऐका. रिंकू आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. 2008 मध्ये भारतात पिचर शोधणाऱ्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेत चमकले, अमेरिकेत पिचिंग प्रशिक्षक टॉम हाउसच्या हाताखाली तयार झाले आणि त्याच नोव्हेंबरात मेजर लीगमधल्या पिट्सबर्ग पायरेट्स क्लबने दोघांना करारबद्ध केलं. त्यांच्यावरचा 2014 चा सिनेमा इथवरच रमतो. खरी कारकीर्द पुढची. पटेलला 2010 च्या अखेरीस क्लबने सोडलं. रिंकू खालच्या लीगमधून चढत 2012 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर संघापर्यंत गेला. मेजर लीग तिथूनही बरीच वर. मग कोपर गेलं, आणि 2018 मध्ये तो कुस्तीच्या शोमध्ये शिरला. पोरं हिरमुसतात. मला मात्र विशीच्या आसपास पहिल्यांदा बेसबॉल हातात घेणारा माणूस इतका वर गेला, हेच सिनेमापेक्षा मोठं वाटतं.

3. चेंजअप शिका. हात फास्टबॉलच्याच वेगाने फिरतो, चेंडू मात्र हळू येतो आणि बॅटर आधीच बॅट फिरवून बसतो. तोच बॅटर दुसऱ्यांदा समोर आला की नुसता फास्टबॉल मार खातो.

4. पोटापाण्याचं वेगळं बघा. आपल्याकडे नुसत्या पिचिंगवर घर चालत नाही. आईवडील खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या किंवा रेल्वेतल्या नोकरीचं नाव काढतात, ते काही उगाच नाही.

5. चेंडू मोजा. अमेरिकेच्या लिटल लीगमध्ये 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला 85 च्या वर चेंडू टाकू देत नाहीत, आणि 66 किंवा त्याहून जास्त टाकले की चार दिवस सक्तीची विश्रांती. आपल्याकडे संघात धड पिचर एक किंवा दोन, सामने लागोपाठ. मग तोच पोरगा रोज माउंडवर. कोपरातला अस्थिबंध फाटला तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागते. डॉ. फ्रँक जोब यांनी ती 1974 मध्ये पहिल्यांदा केली. त्यानंतर वर्षभर तरी खेळ बंद, आणि तेवढा काळ इथल्या पोराला सांभाळणार कोण? तेव्हा पालकहो, प्रशिक्षक मोजत नसेल तर तुम्ही वही घेऊन बसा. आकडा ओलांडला की सरळ मैदानात या आणि पोराला खाली उतरवा. प्रशिक्षक मी असलो तरीही.