शिक्षेवाचून शिस्त : वर्तन-परिवर्तनाची एक पद्धत

वर्गात गलका झाला की शिक्षक रागावतात, क्षणभर शांतता पसरते आणि थोड्याच वेळात पुन्हा गलका सुरू होतो. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई आहे. मग शिस्त कशी लावावी? उपयोजित वर्तन विश्लेषण या शास्त्राने या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष वर्गात शोधले आहे.

या शास्त्राचे मूलतत्त्व सोपे आहे. ज्या वर्तनामागोमाग हवेसे फळ मिळते, ते वर्तन बळावते. यालाच प्रबलन म्हणतात. लक्ष वेधण्यासाठी धडपडणाऱ्या मुलाला शिक्षकाचे रागावणे हेही फळच वाटू शकते. म्हणून केवळ रागावल्याने खोडी वाढण्याचाच संभव असतो.

चौथीच्या वर्गातील प्रयोग

अमेरिकेतील कॅन्सस येथील संशोधक हॅरिएट बॅरिश, म्युरिएल सॉन्डर्स व मॉन्ट्रोज वुल्फ यांनी १९६९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चौथीच्या वर्गातील २४ मुलांचे दोन संघ करण्यात आले. परवानगीवाचून बोलल्यास किंवा जागा सोडल्यास त्या मुलाच्या संघापुढे फळ्यावर एक खूण होई. कमी खुणांचा संघ जिंके. दोन्ही संघांच्या खुणा ठरलेल्या मर्यादेत राहिल्यास दोघेही जिंकत. बक्षीस होते जेवणाच्या रांगेत पहिला मान आणि दिवसाअखेर मोकळा वेळ. त्यासाठी खर्च जवळजवळ नव्हताच.

गणिताच्या तासात बोलण्याचे प्रमाण निरीक्षणकाळाच्या ९६ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आणि जागा सोडण्याचे ८२ वरून ९ टक्क्यांवर आले. खेळ थांबविताच गोंधळ परतला. पुन्हा सुरू करताच ओसरला. बदल खेळामुळेच झाला, हे यावरून सिद्ध झाले.

बाल्टिमोर शहरात १९८५-८६ मध्ये पहिलीच्या वर्गांत हा खेळ घेण्यात आला. ती मुले १९ ते २१ वर्षांची झाल्यावर पाहणी केली असता, लहानपणी आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये अमली पदार्थांचे व्यसन तुलनेने कमी आढळले.

आपल्या शाळेत वापरताना

१. 'नीट वागा' असे मोघम न सांगता, 'बोलण्यापूर्वी हात वर करा' असा स्पष्ट नियम सांगावा.
२. आरंभी काही दिवस केवळ मोजणी करावी. आधीची नोंद नसेल तर सुधारणा कळत नाही.
३. बक्षीस लहान, बिनखर्ची आणि त्याच दिवशी मिळणारे असावे.
४. दोन्ही संघांना जिंकता येईल अशी मर्यादा ठेवावी.
५. सवय रुळल्यावर बक्षीस हळूहळू विरळ करावे. शाबासकी मात्र चालू ठेवावी.

एक दक्षता आवश्यक आहे. एका मुलामुळे संघ हरला, तर त्याची हेटाळणी होऊ देऊ नये. मूळ प्रयोगातही दोन मुलांची नोंद संघापासून वेगळी ठेवावी लागली होती.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी शाळेला भेट देताना शिस्तीबाबत तक्रारी ऐकून घ्याव्यातच. पण त्याबरोबर नोंदवहीही पाहावी. मूल बदलले की नाही, हे तेथील आकडेच सांगतील.