परिचारिका

रात्रीचे दोन वाजले आहेत. वॉर्डात सामसूम आहे. इंजेक्शन देण्यापूर्वी परिचारिका रुग्णाला नाव विचारते.

“रोज तेच विचारता, सिस्टर!” तो कुरकुरतो.

ती हसते, पण केसपेपरवरचे नाव, औषध आणि मात्रा पुन्हा ताडून पाहते. शेजारच्या खाटेवरही त्याच नावाचा रुग्ण असू शकतो! शंका आली, तर ती डॉक्टरांना झोपेतून उठवते.

हे शिक्षण बारावीनंतर मिळते. जी.एन.एम. तीन वर्षांचे असते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असते. त्याला विज्ञान शाखा लागते. मुलेही हे शिक्षण घेतात. त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. उत्तीर्ण झाल्यावर परिचर्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. सरकारी रुग्णालयातील अधिपरिचारिका पुढे परिसेविका आणि मग अधिसेविका, म्हणजे मेट्रन, होऊ शकते. तोपर्यंत किती रात्री जागवल्या, हे तीच जाणे!