एक ‘द’, तीन अर्थ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकासाठी यंदा मी एकच अक्षर घेतलं आहे, ‘द’. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, सगळी नोकरी बँकेच्या काउंटरमागे गेली. उपनिषदांवर अधिकाराने बोलावं अशी माझी योग्यता नाही. पण ही कथा विद्वानांपेक्षा तुमच्या-आमच्यासारख्या संसार केलेल्या माणसांच्या जास्त कामाची आहे, असं मला वाटत आलं आहे.

बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात ती येते. देव, मनुष्य आणि असुर ही तिन्ही प्रजापतीची लेकरं. तिघंही त्याच्याजवळ ब्रह्मचर्याने राहिले. मुदत पुरी झाल्यावर देव म्हणाले, आता आम्हाला उपदेश करा. प्रजापतीने एवढंच म्हटलं, ‘द’. आणि विचारलं, समजलात का? देव म्हणाले, समजलो, इंद्रियांचं दमन करा असं आपण सांगितलंत. प्रजापती म्हणाला, बरोबर समजलात. मग मनुष्य आले. त्यांनाही तेच ‘द’. ते म्हणाले, दान करा असं आपण सांगितलंत. बरोबर. शेवटी असुर. त्यांनी ‘दया करा’ असा अर्थ घेतला. तेही बरोबर!

देव भोगी म्हणून दमन, माणूस लोभी म्हणून दान, असुर क्रूर म्हणून दया, अशी याची फोड प्रवचनात आपण ऐकलेली असते. आद्य शंकराचार्यांनी भाष्यात असंही सुचवलं आहे की देव आणि असुर कुठे दूर शोधायला नकोत, ते माणसांतच आहेत. म्हणजे एकाच ओसरीवर बसलेली तीन माणसं एकच शब्द तीन तऱ्हांनी ऐकू शकतात. सासू, सून आणि मुलगा समोर आणा, म्हणजे लगेच पटेल.

आणखी एक गंमत. माणसांच्या वाट्याला आलेलं मूळ संस्कृत क्रियापद आहे ‘दत्त’, म्हणजे ‘द्या’. आपल्या महाराजांच्या नावातला ‘दत्त’ म्हणजे ‘दिलेला’. अत्रि-अनसूयेच्या पोटी देवाने स्वतःलाच देऊन टाकलं, म्हणून. रूप एकच, पण तिकडे आज्ञा आणि इकडे नाव.

माझं मन मात्र दर वेळी त्या प्रश्नापाशी अडतं. समजलात का? प्रत्यक्ष प्रजापती, त्यालासुद्धा आपला शब्द समोरच्याकडे नीट पोचला असेलच असं धरून चालावंसं वाटलं नाही. त्याने विचारलं. आणि ऐकणाऱ्यांनीही नुसती मान डोलावली नाही, काय समजलो ते बोलून दाखवलं. आपण घरात हे कितीदा करतो? ‘मी बोललो होतो ना?’ एवढ्यावर आपलं काम संपतं.

बँकेत यासाठी नियम असतो. चेकवर रक्कम आकड्यात लिहायची आणि अक्षरीही लिहायची. दोन्हींत फरक पडला तर अक्षरी रक्कम खरी धरायची, असं १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं अठरावं कलम सांगतं. प्रत्यक्षात असा चेक आम्ही बहुधा परतच करायचो, खातेदाराने दुरुस्त करून आणावा म्हणून. घरातल्या बोलण्याला असं कलम नाही. तिथे बोलणाऱ्याची रक्कम एक, ऐकणाऱ्याची दुसरी, आणि दोघांचीही खाती वर्षानुवर्षं जुळत नाहीत.

तालुक्याच्या एका शाखेत असतानाची गोष्ट सांगतो. आमचे अधिकारी तमिळनाडूतून बदलून आलेले. सज्जन माणूस. पुस्तकं आणून मराठी शिकले होते. एक वयस्क किराणा दुकानदार कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलायला आले. खालच्या आवाजात म्हणाले, ‘साहेब, गेल्या महिन्यात दुकान वाढवलं.’ साहेबांचा चेहरा खुलला. ‘अरे वा! फार छान झालं. मग कर्जही वाढवून देऊ!’ दुकानदार एकदम गप्प झाले. पिशवी उचलली आणि निघाले.

आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद केलं हे अशुभ तोंडातून निघू नये म्हणून ‘वाढवलं’. निघतानाही ‘जातो’ नाही, ‘येतो’ म्हणायचं. हे पुस्तकात कुठून असणार? चाळीस वर्षांचं दुकान बंद करावं लागलेल्या माणसाला वाटलं, दहा गिऱ्हाइकांसमोर साहेबांनी आपली थट्टा केली. मी पायरीवर त्यांना गाठलं, पण ते ऐकेनात. आत येऊन साहेबांना अर्थ सांगितला तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, ‘काका, काल मी वेगळं समजलो. तुम्हाला काय सांगायचं होतं, ते परत सांगा.’ काकांनी सगळं सांगितलं. पुढे हप्ते नव्याने बांधून मिळाले. पण काकांना हप्त्यापेक्षा घरी येऊन विचारल्याचं जास्त वाटलं, असं ते पुढे बऱ्याच वेळा म्हणाले.

शब्दांचं असं, आणि न बोलण्याचं तर विचारूच नका. श्रीगुरुचरित्रातली कारंज्याची कथा आठवा. बाळ नरहरी ‘ॐ’ खेरीज काही बोलेना. लोकांनी मुका ठरवून टाकलं. आई-वडिलांनी उपाय केले, डोळे गाळले. बाळाने खुणेने सांगितलं की मुंज झाल्यावर बोलेन, तेव्हा त्या दोघांना धीर आला. मुंजीचा घाट घातला तर गावाने त्यांनाच हसावं! मुक्याची कसली मुंज? आणि आईने भिक्षा घातली तेव्हा त्या मुखातून वेद बाहेर आले. सात वर्षं ते मूल मुकं नव्हतंच. गावाने त्या गप्प राहण्याचा अर्थ आपापल्या मनाने लावला होता.

आमच्या घरातही एक मौन दोन वर्षं चाललं. आईचे दिवस झाल्यावर मी धाकट्या बहिणीला म्हणालो, ‘आईच्या वस्तूंतलं तुला हवं ते ने.’ तिने काहीच नेलं नाही आणि येणं बंद केलं. भाऊबीज दोनदा कोरडी गेली. मी आपला मनात कुढत होतो की चांगलं बोलून हे फळ. नातेवाईक म्हणाले, वेळ जाऊ द्या. वेळ जाऊ दिला की असल्या गाठी सुटतात, यावर माझा विश्वास नाही. त्या घट्टच होतात.

शेवटी मी सांगलीला तिच्या घरी गेलो. ‘का रागावलीस’ असं विचारलंच नाही. म्हटलं, ‘ताई, त्या दिवशी मी जे बोललो, ते तू काय समजलीस?’ (धाकटी असली तरी लहानपणापासून तिला ताईच म्हणतो.) ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘दादा, बाबांच्या मागे हक्कसोडपत्रावर मी सही केली. राहिलं होतं माहेरचं येणंजाणं. तू म्हणालास, काय हवं ते ने. म्हणजे आता हिशेब मिटला, असं समजले.’

मी म्हटलं, ‘अगं, आईची वस्तू आधी तुझ्या हाताला लागावी, एवढंच मनात होतं.’ ती बराच वेळ बोलली नाही. मग चहा टाकायला उठली.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. त्या भाऊबीजेला आली ती ओवाळून संध्याकाळच्या गाडीने परत. पुढच्या वर्षी मुक्काम केला आणि आईचा अडकित्ता मागून नेला. यंदा जयंतीला दोन दिवस आधी येते आहे. पाळण्याची फुलं आणि सुंठवडा तिने आपल्याकडे घेतला आहे, आणि सुंठ किती आणून ठेवायची ते फोनवर दोनदा सांगून, मी काय ऐकलं तेही विचारून घेतलं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥