नोकरभरतीची परीक्षा आणि गावशाळेतील गणित व इंग्रजी

पालघर तालुक्यातील कुंभवली हे गाव तारापूर औद्योगिक वसाहतीच्या अगदी शेजारी वसलेले आहे. जवळच तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. देशातील या पहिल्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन संचांतून १९६९ च्या ऑक्टोबरात व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली, आणि ५४० मेगावॉट क्षमतेचे आणखी दोन संच २००५ व २००६ साली त्यांत येऊन मिळाले. अशा ठिकाणच्या तरुणांस नोकरीची वाण नसावी असे दूरच्या माणसास वाटेल. वस्तुतः परिसरातील पुष्कळ तरुण ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर पाळ्या करतात. कायम नोकरीचे दार परीक्षेतून उघडते, आणि ती परीक्षा गणित व इंग्रजी या दोन विषयांत अडते. मग असा तरुण एखाद्या सायंकाळी ज्या शाळेत तो पहिलीपासून शिकला तिच्याच गुरुजींकडे येतो. त्यास काय द्यावे, आणि जी मुले आज चौथी-पाचवीत बसली आहेत त्यांच्यावर पुढे ही वेळ येऊ नये म्हणून काय करावे, हे दोन प्रश्न वेगळे दिसले तरी त्यांचे उत्तर बहुतांशी एकच आहे.

प्रथम परीक्षेचे स्वरूप शिक्षकास नेमके ठाऊक हवे. कारण ‘स्पर्धा परीक्षा’ हा शब्द फार सैल वापरला जातो. महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा १०० गुणांची व ९० मिनिटांची असते. तींत अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण हे विषय येतात, इंग्रजीचा भाग नसतो. केंद्र सरकारच्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांची गोष्ट निराळी आहे. दहावी उत्तीर्णांसाठी असलेल्या ‘मल्टी टास्किंग स्टाफ’ या परीक्षेचे २०२३ पासून ४५-४५ मिनिटांचे दोन भाग झाले. पहिल्या भागात अंकगणित व तर्कबुद्धी यांचे मिळून ४० प्रश्न असतात, दुसऱ्यात सामान्य ज्ञान व इंग्रजी यांचे मिळून ५०. पहिला भाग केवळ पात्रतेपुरता असून गुणवत्ता यादी दुसऱ्या भागावरून लागते. म्हणजे गणित कच्चे असेल तर उमेदवार उंबरठ्यावरच अडतो. आणि गणित उत्तम असूनही इंग्रजी कच्चे असेल तर यादीत त्याचे नाव येत नाही, कारण यादी ठरविणाऱ्या १५० गुणांपैकी ७५ गुण एकट्या इंग्रजीचे आहेत. २०२३ पासून ही परीक्षा, आणि २०२४ पासून केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची शिपाई परीक्षा, मराठीतूनही देता येते. ही मोठीच सोय झाली; परंतु ‘मल्टी टास्किंग’च्या परीक्षेत इंग्रजीचे प्रश्न इंग्रजीतच राहतात, हे उमेदवारास आरंभीच सांगावे. अणुवीज महामंडळाच्या तंत्रज्ञ-प्रशिक्षणार्थी भरतीच्या प्राथमिक चाचणीतही ५० पैकी २० प्रश्न गणिताचे असत आले आहेत. नियम बदलत असतात, यास्तव दरवर्षीची जाहिरात मुळातून वाचून दाखविणे हा तयारीचा पहिला पाठ समजावा. ऐकीव माहितीवर वर्ष फुकट घालविणारे उमेदवार थोडेथोडके नाहीत.

आता गणिताकडे वळू. उमेदवार म्हणतो, “टक्केवारी जमत नाही.” त्यास दोन-चार प्रश्न विचारले म्हणजे दिसून येते की टक्केवारी हे निमित्त आहे, खरे दुखणे अपूर्णांकांत आहे, आणि ते पाचवीच्या सुमारास जडलेले आहे. येथे जुन्या मराठी शाळेची एक ठेव आज पुन्हा कामास येण्याजोगी आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे पूर्वी मुलांच्या तोंडी असत. ते घोकून घेण्याची पद्धत गेली ते एका परीने बरेच झाले, परंतु त्यांतील विचारही त्याबरोबर गेला ही हानी झाली. पंचवीस टक्के म्हणजे पाव, पंचाहत्तर टक्के म्हणजे पाऊण, सव्वाशे टक्के म्हणजे सवापट, साडेबारा टक्के म्हणजे अर्धा पाव, हे ज्यास उमजले त्यास ६४० चे साडेबारा टक्के काढण्यास कागद लागत नाही. ६४० चा पाव १६०, त्याचा अर्धा ८०. हेच उत्तर १२.५ गुणिले ६४० भागिले १०० असे मांडून काढणारा मुलगा चूक करीत नाही, पण वेळ गमावतो. आणि परीक्षेत वेळ हाच गुण असतो.

टक्केवारीतील नेहमीचा सापळा म्हणजे पाया बदलणे. चिकूच्या पेटीची किंमत ४०० रुपयांवरून २५ टक्क्यांनी वाढली. ती पूर्ववत होण्यास किती टक्के घट व्हावी? दहांतले आठ जण चटकन ‘२५’ म्हणतील. अशा वेळी सूत्र देऊ नये. फळ्यावर चार चौकटी काढाव्यात, पाचवी जोडावी, आणि मग एक पुसावयास सांगावी. जोडताना ती चारांतली एक होती, पुसताना ती पाचांतली एक आहे. म्हणून उत्तर २० टक्के. ४०० चे ५०० झाले आणि ५०० तून १०० गेले, हा ताळाही तेथेच करून घ्यावा. हा पाठ पाचवीच्या वर्गातही तितकाच चालतो आणि तरुणांच्या सायंवर्गातही.

काळ-काम-वेगाच्या उदाहरणांत अपूर्णांकांची भीती टाळण्याचा एक साधा उपाय आहे. एक माणूस भाताची लावणी १० दिवसांत उरकतो, दुसरा तीच १५ दिवसांत. दोघे मिळून किती दिवसांत उरकतील? येथे शेताचे ३० वाफे कल्पावेत, कारण १० व १५ यांचा लसावि ३० आहे. पहिला रोज ३ वाफे लावतो, दुसरा २. दोघे मिळून ५. म्हणून सहा दिवस. ज्या मुलाने आषाढात चिखलात उभे राहून रोपे लावली आहेत, त्यास वाफा समजावून सांगावा लागत नाही. लसाविचा उपयोग काय, हा प्रश्न सहावीपासून त्याच्या मनात अनुत्तरित असतो. त्याचेही उत्तर त्यास येथे मिळते.

आगगाडीची उदाहरणे तर बोईसर स्थानकावर उभे राहून पाहण्यासारखी. २४० मीटर लांबीची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने १६० मीटर लांबीचा फलाट किती सेकंदांत ओलांडील? ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदास ५ मीटर, एवढे एकच नाते पक्के असले की ७२ म्हणजे त्याच्या चौपट, अर्थात २० मीटर, हे आपोआप येते. पण मुले चुकतात ती येथे नव्हे, तर अंतर १६० धरण्यात. पाच मुलांस हात धरून रांगेने वर्गाच्या भिंतीवरून चालवावे आणि पहिले मूल भिंतीच्या टोकापाशी पोचताच ‘गाडी गेली काय?’ असे विचारावे. शेवटचे मूल पार होईपर्यंत गाडी गेलेली नसते, हे सर्वांनाच दिसते. अंतर ४०० मीटर, उत्तर २० सेकंद.

संख्यानामांविषयीही थोडे लिहिणे प्राप्त आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’ बरोबर ‘वीस सात’ असे वाचन आले तेव्हा मोठा वाद उठला. भाषेच्या अंगाने त्या बदलाविषयी मतभेद राहोत; पण ज्या अडचणीतून तो आला ती खरी आहे. मराठीत एकक आधी उच्चारला जातो व दशक मागून, इंग्रजीत याच्या उलट. ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिणारे मूल मंदबुद्धी नसते; ते ऐकल्या क्रमाने लिहीत असते. तेच मूल पुढे ‘ट्वेंटी फाइव्ह’शी गाठ पडली की दुप्पट गोंधळते. दुसरी-तिसरीत दोन्ही भाषांतील संख्यानामे शेजारी शेजारी म्हणून घेतली, आणि देवनागरी अंकांबरोबर आंतरराष्ट्रीय अंकांचाही सराव ठेवला, तर गणित व इंग्रजी यांचा पाया एकाच तासिकेत भरला जातो.

इंग्रजीच्या बाबतीत आपल्या मुलांच्या चुका पाहिल्या तर त्या बहुधा मराठीचे नियम पाळल्यामुळे झालेल्या असतात. हे शिक्षकाने ओळखले की शिकविणे सोपे होते. ‘दोन वर्षांपासून’ आणि ‘२०२२ पासून’ या दोन्हींस मराठीत ‘पासून’ हा एकच शब्द पुरतो. इंग्रजीत कालावधी असेल तर ‘फॉर’ आणि आरंभबिंदू असेल तर ‘सिन्स’. म्हणून ‘सिन्स टू इयर्स’ ही चूक घडते, आणि चूक शोधा या प्रकारच्या प्रश्नांत परीक्षक नेमकी तीच ठेवतो. याउलट ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याजवळ सायकल आहे’, ‘मला ताप आहे’ या तीन वाक्यांस इंग्रजीत एकच ‘आय हॅव’ चालते. तसेच ‘त्याने आंबा खाल्ला’, ‘त्याने चिंच खाल्ली’ यांत आपले क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीत ते कर्माकडे पाहतही नाही. अशी जोडवाक्ये मराठीशी ताडून शिकविली तर नियम पाठ करण्याचे ओझे पुष्कळ कमी होते. इंग्रजीच्या तासास मराठी शब्दही उच्चारू नये हा आग्रह शहरी शाळांस शोभत असेल. गावशाळेत तो तोट्याचा आहे.

मराठीचा आणखी एक फायदा फारसा कोणी घेत नाही. ‘अ’ आणि ‘ॲन’ यांपैकी कोणते उपपद लावावे हे इंग्रजी अक्षरावर नव्हे तर उच्चारावर ठरते. मुले स्पेलिंग पाहून चुकतात. तोच शब्द देवनागरीत लिहावयास सांगावा. ‘अवर’, ‘ऑनेस्ट’ यांचा आरंभ स्वराने होतो, म्हणून ‘ॲन अवर’, ‘ॲन ऑनेस्ट मॅन’. ‘युनिट’, ‘युनिव्हर्सिटी’ यांचा आरंभ ‘य’ या व्यंजनाने होतो, म्हणून ‘अ युनिट’, ‘अ युनिव्हर्सिटी’. देवनागरी उच्चार लपवीत नाही. तेव्हा जी लिपी इंग्रजीच्या आड येते असे म्हणतात, तीच येथे दिवा धरते.

शब्दसंग्रहासाठी महागडी पुस्तके घेण्यापूर्वी रस्त्याकडे पाहावे. कारखान्यांकडे जाणाऱ्या टँकरांवर, फाटकांवर, पिंपांवर इंग्रजी शब्द लिहिलेले असतात: डेंजर, कॉशन, कोरोसिव्ह, इन्फ्लेमेबल. यांतील शेवटचा शब्द विशेष लक्षात आणून द्यावा. ‘इन’ हा उपसर्ग ‘इन्करेक्ट’मध्ये नकार दाखवितो, म्हणून मुलगा ‘इन्फ्लेमेबल’चा अर्थ ‘न पेटणारे’ असा लावतो. खरा अर्थ नेमका उलट, ‘सहज पेट घेणारे’. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ एकच. न पेटणारे ते ‘नॉन-फ्लेमेबल’. परीक्षेत या शब्दाचे दोन-तीन गुण मिळतील न मिळतील. पण रासायनिक कारखान्यांच्या दारात वाढणाऱ्या मुलास त्याचा अर्थ दहावीपूर्वीच ठाऊक असला पाहिजे.

चुकीच्या उत्तरास गुण कापले जातात याची धास्ती उमेदवारांस असते. तिचेही गणितच करून दाखवावे. चार पर्याय, बरोबर उत्तरास ३ गुण, चुकीस १ वजा, अशी रीत असेल तर आंधळेपणाने चार प्रश्न सोडविणाऱ्याचा सरासरीने एक बरोबर येईल व तीन चुकतील: मिळाले ३, गेले ३, हाती शून्य. परंतु प्रत्येक प्रश्नातील एक पर्याय निश्चित चूक आहे एवढे जरी ओळखता आले, तरी तीन प्रश्नांत एक बरोबर व दोन चूक, म्हणजे ३ वजा २, एक गुण पदरात पडतो. दोन पर्याय वगळता आले तर दोन प्रश्नांमागे दोन गुण. तेव्हा मुळीच माहीत नसलेला प्रश्न सोडावा आणि अर्धवट माहीत असलेला सोडवावा. संभाव्यतेचा धडा यापेक्षा चांगल्या निमित्ताने शिकविता येणार नाही.

सायंवर्ग भरविणाऱ्या शिक्षकांनी पाळ्यांचा विचार करावा. कारखान्यातील पाळी आठवड्याने बदलली की मुलगा वर्गास मुकतो व लाजेने पुढेही येत नाही. तोच पाठ आठवड्यातून दोन निरनिराळ्या वेळी घेतल्यास ही गळती थांबते. मुलींसाठी शाळा सुटल्यानंतरची वेळ बरी; घरची माणसे तिला सहज संमती देतात. निवड आयोगाच्या परीक्षेचे शुल्क १०० रुपये असून स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींचे उमेदवार यांना ते माफ आहे, ही गोष्ट पाड्यापाड्यांवर पोचविली पाहिजे. इतर मागासवर्गीयांस केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. राज्याच्या नमुन्यावर विसंबलेले उमेदवार ऐन पडताळणीत अडतात. पैसे घेऊन नोकरी लावून देणाऱ्यांविषयी तर स्पष्टच बोलावे. आणि जागा थोड्या, उमेदवार अफाट, हेही लपवू नये. ‘मल्टी टास्किंग’च्या बहुतेक पदांस सर्वसाधारण वयोमर्यादा २५ किंवा २७ वर्षांची आहे, तोवर दुसरे काही न शिकता केवळ परीक्षाच देत राहण्याचा सल्ला कोणा मुलास देणे हिताचे नाही.

राहता राहिली परीक्षेच्या दिवसाची सवय. परीक्षा संगणकावर होते. प्रश्न पडद्यावर आणि कच्चे काम कागदावर. पडद्यावरील ३६८ कागदावर ३८६ होऊन उतरतो, आणि पुढची सारी रीत बरोबर असून उत्तर चुकते. यासाठी फळ्यावर प्रश्न लिहून मुलांस दूरच्या बाकावर बसवावे, वहीत केवळ आकडेमोड करू द्यावी, आणि घड्याळ लावून ४५ मिनिटांत ४० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे साधारण ६७ सेकंद, एवढ्या अवधीत उत्तरे मागावीत. तपासताना प्रत्येक चुकीपुढे ती कोणत्या जातीची आहे हे मुलानेच लिहावे: उतरविण्याची, रीतीची, की प्रश्न न समजल्याची. चार आठवड्यांच्या अशा नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजे पुढील महिन्यात काय शिकवावयाचे ते शिक्षकास त्या वहीतच सापडते.