हेलची ओतशाळा : खाणींच्या आधारावर वाढलेला एक कारखाना
(वरच्या वर्गांसाठी पूरक पाठ : इतिहास, भूगोल व सामान्य विज्ञान यांचा समवाय)

पाठाचा हेतू

गावच्या लोहाराचा भाता मुलांच्या पाहण्यातील असतो. मोठा कारखाना मात्र एकाएकी उभा राहतो, अशी त्यांची समजूत असते. कारखाना कोणाच्या तरी गरजेतून जन्मतो, त्या गरजेवर पोसला जातो आणि ती सरली की त्यासही उतरती कळा लागते, हा कार्यकारणभाव मुलांच्या ध्यानी आणून देणे, हा या पाठाचा हेतू आहे.

भूमी आणि गरज

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकास कॉर्नवॉल हा परगणा आहे. तेथील भूगर्भात तांबे व कथील यांच्या शिरा आहेत. खाण जसजशी खोल जाई तसतसे तीत पाणी साचे. ते उपसल्यावाचून पुढे खणणे अशक्य होई. पाणी उपसण्यास बाष्पयंत्र हवे, यंत्रास कोळसा हवा, आणि कॉर्नवॉलमध्ये कोळसा नाही! तो समुद्रमार्गे दक्षिण वेल्समधून आणावा लागे. तांब्याच्या अशुद्ध धातूपेक्षा तो गाळण्यास लागणारा कोळसा अधिक असे; म्हणून तीच गलबते परतताना तो धातू वेल्सकडे नेत. या जा-ये करणाऱ्या गलबतांचे एक बंदर म्हणजे हेल.

लोहाराची भट्टी

१७७९ साली जॉन हार्वे नावाच्या लोहाराने हेल येथे ओतशाळा घातली. खाणींस पंपाचे नळ व यंत्रांचे भाग सतत लागत. गिऱ्हाईक जवळ आणि बंदर दाराशी, अशी दुहेरी सोय त्यास लाभली. १७९७ मध्ये त्याची कन्या जेन हिचा विवाह रिचर्ड ट्रेविथिक या यंत्रज्ञाशी झाला. उच्च दाबाच्या वाफेवर चालणारी गाडी १८०१ साली कॅम्बोर्न येथील रस्त्यावर चालवून दाखविणारा तो हाच. १८०३ मध्ये जॉन हार्वे वारला आणि पुत्र हेन्री याने कारभार वाढविला.

ओतकामाची रीत

प्रथम सुतार लाकडी नमुना तयार करी. निवताना लोखंड शेकडा सुमारे एक भाग आकसते. तितका नमुना मोठा ठेवावा लागे. नमुना ओलसर वाळूत दाबून काढला की त्याचा ठसा राही. भट्टीत दगडी कोळशापासून केलेला कोक, कच्चे बीड व चुनखडी घालून रस करीत आणि तो साच्यात ओतीत. वाळू फार ओली राहिली तर वाफ कोंडून ओतीव वस्तूत पोकळ्या पडत. निवलेले नळकांडे आतून कोरून इतके गुळगुळीत करावे लागे की, दट्ट्याच्या कडेने वाफ निसटता कामा नये.

कोळशाचा हिशेब

जेम्स वॉटच्या यंत्राचे एकस्व १८०० साली संपले आणि कॉर्नवॉलच्या यंत्रज्ञांस सुधारणा करण्यास मोकळीक मिळाली. १८११ पासून जोएल लीन याने दरमहा एक अहवाल काढण्यास प्रारंभ केला. ठराविक मापाच्या कोळशात कोणते यंत्र किती पाणी किती उंच उचलते, याचे आकडे त्यात असत. उघड तुलनेमुळे यंत्रज्ञांत चढाओढ लागली आणि कोळशाचा खर्च उतरला. कोळशाचा अभाव हीच या परगण्याची शाळा ठरली.

कीर्ती

हॉलंडमधील हार्लेमचे विस्तीर्ण सरोवर आटविण्यासाठी तीन प्रचंड यंत्रे बसविण्यात आली. त्यांपैकी क्रुकियस येथील यंत्र हार्वेंच्या कारखान्याने केले. त्याच्या बाहेरील नळकांड्याचा व्यास १४४ इंच, म्हणजे १२ फूट आहे. १८५२ साली सरोवर कोरडे झाले व तेथे शेती आली. ते यंत्र आज संग्रहालयात आहे.

उतार

१८६६ च्या सुमारास तांब्याचे भाव कोसळले. परदेशांतील नव्या खाणींतून स्वस्त तांबे येऊ लागले. पुढे मलाया व ऑस्ट्रेलिया येथील कथिलानेही तेच केले. कॉर्नवॉलच्या खाणी एकामागून एक बंद पडल्या. हजारो खाणकामगार देशोधडीस लागले; काही आपल्या देशातील कोलारच्या सोन्याच्या खाणींतही आले. हार्वेंचे कसब कमी झाले नव्हते. ९० इंची नळकांड्याचे एक मोठे पंपयंत्र त्यांनी १८९२ मध्ये केले आणि ते १९५४ पर्यंत खाणीवर चालले. परंतु गिऱ्हाईकच उरले नाही, आणि १९०३ साली ओतशाळेची भट्टी विझली. २००६ मध्ये हेल बंदरासह कॉर्नवॉलचा खाणप्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला.

वर्गात करावयाचे काम

१. ओलसर वाळूत लाकडी ठोकळ्याचा ठसा उमटवावा. वितळलेले मेण शिक्षकांनी स्वतः त्यात ओतावे. मुलांस दूर बसवावे. मेण निवल्यावर मधोमध खोलगट का होते, ते मुलांस विचारावे.

२. नकाशात कॉर्नवॉल, वेल्स, हॉलंड व कोलार ही ठिकाणे दाखवून घ्यावीत. कोळसा कोठून कोठे व धातू कोठून कोठे गेला, ते बाणांनी दाखवावे.

३. गावातील वृद्धांकडून मोटेची माहिती मुलांनी लिहून आणावी. मोटेसाठी लोहार, सुतार व चर्मकार काय काय करून देत? विहिरींवर पंप आल्यावर त्यांच्या कामाचे काय झाले? पुढे ते कोणत्या कामास लागले?

४. शक्य असेल तेथे जवळची ओतशाळा दाखवावी. कोल्हापूर भागातील शाळांस ही सोय सहज आहे.

तिसरे काम विशेष काळजीने करून घ्यावे. ज्यांच्या घरचा धंदा बसला, त्यांची मुले याच वर्गात बसलेली असतात. धंदा बुडाला तो कारागिराच्या आळसामुळे, असे त्यांच्या कानी वारंवार पडते. हेलच्या ओतशाळेत उत्तम कारागीर होते, तरीही ती बंद पडली; कारण ज्या खाणींसाठी ती उभी राहिली त्याच मिटल्या. हे एवढे त्या मुलांस उमगले, तर वडिलांच्या हातांकडे ती निराळ्या नजरेने पाहतील आणि हा पाठ सार्थकी लागेल.