अधांतरी तोललेला भार

विमानाचे इंजिन हजारो किलो वजनाचे असते. कार्यशाळेत छताखालील रुळांवर सरकणारी यारी ते वरून तोलून धरते.

मार्च १९७९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या एका डीसी-१० विमानाचे इंजिन पंखाशी जोडणाऱ्या आधारासह एकदमच, फोर्कलिफ्टने उतरवले गेले. या पद्धतीने दर विमानामागे सुमारे २०० मनुष्यतास वाचत. मोह पडावा अशीच ती बचत! परंतु खालून पेललेला भार जरासा कलला, तरी जोडावर ताण येई. तेथे पडलेली चीर कोणाच्याही लक्षात आली नाही. २५ मे रोजी शिकागोहून उड्डाण करतानाच डावे इंजिन निखळले आणि २७३ माणसे मृत्युमुखी पडली.

युनायटेड एअरलाइन्स मात्र यारी वापरीत असे. पुढील तपासणीत अशा चिरा आढळल्या, त्या फोर्कलिफ्ट वापरणाऱ्या दोन कंपन्यांच्या विमानांत.