पंचांग वाचताना : गत वर्षातील माझे काही धडे

आपल्या मंदिराच्या या पत्रिकेत आजवर व्युत्पन्न व वयोवृद्ध मंडळींचे लेख येत आले आहेत. माझे शिक्षण शाळेच्या शेवटच्या परीक्षेपलीकडे गेलेले नाही, वयही तिशीच्या आतले. तेव्हा सभासद कुटुंबांपुढे लेखणी घेऊन बसण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु शके १९४७, विश्वावसु संवत्सर, हे वर्ष मला मंदिराच्या सेवेत एकट्याने काढावे लागले, आणि त्या वर्षात काय शिकलास ते लिहून दे, असा संपादक मंडळींनी आग्रह धरला. जे शिकलो ते बहुतांशी चुकांतून शिकलो. त्या चुका आपणांपैकी काही कुटुंबांना ठाऊक आहेतच. इतरांना आता ठाऊक होतील.

त्या वर्षीच्या चैत्रात ती. अप्पांच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढला. डावा डोळा आधीपासूनच अधू. धूर, वाकणे आणि डोळ्यांत पाणी जाणे काही आठवडे वर्ज्य, असे डॉक्टरांनी बजावले. गाभाऱ्यात तर धूर आणि पाणी यांवाचून दुसरे असते काय? तेव्हा अभिषेक, नैवेद्य, आरती, आणि यजमानांच्या घरची कार्ये ही सर्व माझ्याकडे आली. पुढे अप्पा बरे झाले, हिंडू-फिरू लागले, पण पंचांगातील बारीक अंक त्यांना काही पुन्हा दिसेनात. भिंग धरूनही घटी आणि पळे एकमेकांत मिसळतात, असे ते म्हणत.

पूजेची मला भीती नव्हती. मुंज झाल्यापासून अप्पांच्या मागे बसून सर्व ऐकले होते, मंत्र मुखोद्गत होते. परंतु पुजाऱ्याला लोक मंत्र क्वचितच विचारतात. लोक विचारतात, "गुरुजी, अमुक तिथी कधी आहे?" हा प्रश्न मला सर्वांत सोपा वाटत असे. भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते, मोबाईलमध्ये पंचांग असते. चौकोनात पाहायचे आणि तारीख सांगायची.

ज्येष्ठात एका वृद्ध आजींनी त्यांच्या यजमानांच्या वर्षश्राद्धाची तारीख विचारली. तिथी ज्येष्ठ वद्य नवमी. मी दिनदर्शिका पाहिली. शुक्रवार, २० जून २०२५ च्या चौकोनात नवमी छापलेली होती. मी शुक्रवार सांगितला. त्यांचे चिरंजीव पुण्यास नोकरीस असतात. ते रजा काढून आले. श्राद्ध यथासांग झाले, निदान तसे मला वाटले. पिंडदान झाले, पान वाढले गेले, काकबळीलाही फार वाट पाहावी लागली नाही. संध्याकाळी घरी येऊन मी अप्पांना दुसऱ्या दिवशीचे पंचांग वाचून दाखवू लागलो. योगिनी एकादशीच्या निर्णयासाठी त्यांनी मागच्या दोन दिवसांच्या तिथींचे काळही वाचायला सांगितले. अष्टमी गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास संपली आणि नवमी शुक्रवारी सकाळी पावणेदहाच्या सुमारास संपली, असे मी वाचले. अप्पांनी हात वर करून मला थांबविले व विचारले, "आज श्राद्ध कोणत्या तिथीचे केलेस?"

येथे वाचकांसाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे, कारण ही चूक घरोघर होण्यासारखी आहे. दिनदर्शिकेच्या चौकोनात जी तिथी छापलेली असते ती त्या दिवशीच्या सूर्योदयाची तिथी होय. तिथी मात्र सूर्योदयास लागत नाही आणि सूर्योदयास संपतही नाही. चंद्र आणि सूर्य यांमधील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. ती दिवसा किंवा रात्री, केव्हाही पुरी होते. चंद्राची गती कमी-अधिक होत असल्यामुळे तिथी कधी वीस तासांची तर कधी पावणेसत्तावीस तासांची असते. म्हणून आपले निर्णयग्रंथ प्रथम विचारतात की तिथी कोणत्या कर्मासाठी हवी, आणि त्या कर्माच्या काळी जी तिथी असेल ती घ्यावयास सांगतात. वार्षिक श्राद्धाचा काळ अपराह्ण. दिनमानाचे पाच समान भाग केले तर चौथा भाग तो अपराह्ण. ज्येष्ठातल्या मोठ्या दिवसात तो साधारण पावणेदोनपासून सव्वाचारपर्यंत येतो. गुरुवारच्या अपराह्णी नवमी होती. शुक्रवारच्या अपराह्णी दशमी होती. श्राद्ध गुरुवारी व्हावयास हवे होते. दिनदर्शिकेच्या गुरुवारच्या चौकोनात मात्र अष्टमी छापलेली होती. दिनदर्शिका चुकली नव्हती. मी तिला जो प्रश्न विचारावयास हवा होता तो विचारलाच नव्हता.

अप्पा रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता त्यांच्या घरी जा आणि सांग." मी म्हणालो की रात्र झाली आहे, चिरंजीव रात्रीच्या गाडीने परत जाणार, आता सांगून त्यांच्या मनास चुटपूट लावण्यात काय अर्थ? श्राद्ध श्रद्धेने झाले, पितरांना पोचले असेलच. हे बोलताना आपण मोठे ज्ञानाचे बोलत आहोत असे मला वाटत होते! अप्पांनी एवढेच म्हटले, "पितरांना काय पोचले ते तुला कसे ठाऊक? तुला ठाऊक आहे ते एवढेच की तू तारीख चुकीची सांगितलीस."

गेलो. चिरंजीव पिशवी भरून निघण्याच्या तयारीत होते. मी उभ्यानेच सारे सांगितले. त्यांना राग आला आणि तो योग्यच होता. एक दिवसाच्या रजेसाठी त्यांनी कार्यालयात किती विनवण्या केल्या होत्या ते त्यांनी मला ऐकविले, आणि पुजाऱ्याला एवढेही कळत नसेल तर आम्ही विचारावे कोणाला, असेही म्हणाले. आजी काही बोलल्या नाहीत. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मला त्या वेळेचे फार वाईट वाटले. विघ्नामुळे श्राद्धतिथी हुकल्यास वद्य एकादशीस किंवा अमावास्येस ते करावे असे शास्त्र आहे, हे अप्पांनी सांगून पाठविले होते. बुधवारी, २५ जूनला, दर्श अमावास्या होती. चिरंजीव त्या रात्री पुण्यास गेले आणि बुधवारी पहाटे पुन्हा आले. मी दक्षिणा नको म्हणालो. आजींनी ती ताम्हनात ठेवलीच. अधिक नाही, उणी नाही, पहिल्या वेळेइतकीच.

त्या दिवसापासून रोज रात्री अप्पांना पंचांग वाचून दाखवावयाचे आणि त्यांनी प्रश्न विचारावयाचे असा आमचा नेम पडला. पंढरपूरचे काशीनाथशास्त्री पाध्ये यांनी १७९० च्या सुमारास रचलेला धर्मसिंधु मी मराठी भाषांतरासह वाचू लागलो. वर्ष संपले तरी ग्रंथ अर्धाही झालेला नाही.

दुसरी चूक लहान, पण लाज आणणारी. ७ सप्टेंबर २०२५ रोजी, भाद्रपद पौर्णिमेस, खग्रास चंद्रग्रहण होते. रात्री दहाच्या सुमारास स्पर्श आणि दीडच्या आत मोक्ष. एका घरची गर्भवती सून विचारावयास आली, तेव्हा वेध दुपारपासून लागतात, पाण्याचा थेंबही घेऊ नका, असे मी ठासून सांगितले. सायंकाळी तिला घेरी आल्याचा निरोप आला. बालक, वृद्ध, रुग्ण आणि गर्भवती यांना वेध थोडक्या काळाचे असतात, ही सवलत पंचांगातच त्याच पानावर छापलेली होती. मी ते पान वाचलेच नव्हते. लहानपणी ओट्यावर ऐकलेले तेच शास्त्र समजून सांगितले. शास्त्रापेक्षा शास्त्राचा ऐकीव भाग नेहमीच अधिक कडक असतो, असे आता मला वाटते. मुलगी लिंबूपाणी घेऊन थोड्या वेळात सावरली, ही देवाची कृपा.

मग आली दिवाळी. तिच्या वेळचा गोंधळ आपल्यापैकी प्रत्येकाला आठवत असेल. लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला की २१ ला? अमावास्या २० तारखेस दुपारी पावणेचारच्या सुमारास लागली आणि २१ तारखेस सायंकाळी सहाला काही मिनिटे असताना संपली. उत्तरेकडील पुष्कळ पंचांगांनी २० तारीख दिली, कारण त्या दिवशी प्रदोषकाळी अमावास्या होती. सोलापूरचे दाते पंचांग आणि कालनिर्णय यांनी २१ दिली. हुबळी-धारवाडात तर एकाच वाड्यात तीन प्रकारची पंचांगे असतात. मराठी घरात दाते, शेजारच्या कन्नड घरात इकडचे पंचांग, पलीकडे वैष्णवांच्या घरी मठाचे. पेठेतील आपल्या एका दुकानदार सभासदांनी मला रस्त्यातच अडविले. "चंद्र एक, मग अमावास्या दोन कशा? तुम्ही मंडळी एकत्र बसून ठरवीत का नाही?"

ज्येष्ठातला मी असतो तर एक तारीख फेकून मोकळा झालो असतो. या वेळी मी उद्या सांगतो म्हणालो आणि घरी येऊन अप्पांना विचारले. त्यांनी जे समजाविले ते असे. पंचांगांत भेद दोन प्रकारचे असतात. एक गणिताचा, दुसरा निर्णयाचा. या दिवाळीचा वाद गणिताचा नव्हताच. अमावास्या केव्हा लागते आणि केव्हा संपते याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत होते. निर्णयात भेद होता. दुसऱ्या दिवशी अमावास्या तीन प्रहरांहून अधिक असेल आणि पुढची प्रतिपदा तिच्याहूनही मोठी असेल, तर दुसरा दिवस घ्यावा, असा एक पक्ष निर्णयग्रंथांत आहे. आपल्याकडील पंचांगांनी तो घेतला. दुसऱ्यांनी प्रदोषव्याप्तीला प्राधान्य दिले. दोघांकडे आधार आहेत. मी दुकानदारांना हे सांगितले, आणि आपल्या घरी परंपरेने जे पंचांग चालते त्याप्रमाणे करा, असे म्हटले. त्यांनी २१ ला पूजन केले. आपले मराठी घर म्हणून तसे केले, की २० ला दुकानात गर्दी होती म्हणून, ते विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

गणिताच्या भेदाविषयी मात्र येथे थोडे लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण त्याचा धागा आपल्याच मुलखात आहे. आपल्याकडे शतकानुशतके पंचांगे गणेश दैवज्ञांच्या १५२० सालच्या ग्रहलाघवावरून किंवा सूर्यसिद्धांतावरून होत. त्या गणितात तिथी फार तर पाच घटी वाढे आणि सहा घटी घटे. 'बाणवृद्धी रसक्षय' अशी खूणच होती. प्रत्यक्ष आकाशात मात्र ती सात घटी वाढते आणि दहा घटी घटते. आकाशाशी जुळणारे गणित पंचांगात आणावे म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले त्यांत व्यंकटेश बापूजी केतकर हे अग्रणी. त्यांचा जन्म १८५४ साली हुबळीहून विजापूरकडे जाणाऱ्या वाटेवरील नरगुंदास झाला. शिक्षणखात्यात नोकरी, बागलकोटास मुख्याध्यापक, आणि ती सांभाळून ज्योतिर्गणित, केतकी ग्रहगणित, वैजयंती असे ग्रंथ. नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावा असे भाकीत त्यांनी १९११ साली फ्रान्समधील ज्योतिषविषयक पत्रिकेत प्रसिद्ध केले होते. १९३० साली ते विजापुरास वारले. शाळामास्तर असलेला हा मनुष्य दिवसा मुलांना शिकवून उरलेल्या वेळात अंक मांडीत बसे, ही कल्पना मला फार धीर देते. माझ्याजवळ त्यांची बुद्धी नाही, पण रात्री थोडा वेळ पंचांग उघडून बसणे मलाही शक्य आहे. काही मठांची पंचांगे आजही जुन्या गणिताची आहेत, त्यामुळे कधी शेजाऱ्याची एकादशी आपल्या एकादशीशी जुळत नाही. पूर्वी मी अशा वेळी हसत असे. आता हसत नाही; त्यांनी आपल्या गुरुपरंपरेचे गणित धरले आहे, एवढे कळते.

वर्ष संपले आणि पराभव संवत्सर लागले. (नाव ऐकून काही जणांनी काळजी व्यक्त केली, साठ नावांच्या फेऱ्यात ते एक नाव आहे, इतकेच.) पाडवा १९ मार्च २०२६ रोजी आला, आणि तोही वाकडी वाट करूनच आला. त्या दिवशी आपल्या गावी सूर्योदय साडेसहाच्या सुमारास झाला तेव्हा अमावास्याच होती. ती सहा वाजून त्रेपन्न मिनिटांच्या सुमारास संपली, प्रतिपदा लागली, आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापूर्वी पहाटेच संपून गेली. म्हणजे प्रतिपदेला सूर्योदय मिळालाच नाही, क्षयतिथी. दोन दिवस आधीपासून दूरध्वनी येत होते. मी प्रत्येकास काळ सांगितला, कारण सांगितले, आणि पाडवा गुरुवारीच, गुढी सातनंतर उभारा, असे सांगितले.

त्यांत त्या आजींचाही दूरध्वनी होता. पाडव्याचे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, "या वर्षी ज्येष्ठ दोन आहेत म्हणे. मग यांची नवमी कोणत्या ज्येष्ठातली धरायची?"

१७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आणि त्यानंतर निज, हे मला ठाऊक होते. वर्षश्राद्ध निज महिन्यात, म्हणजे जुलैत, हेही ठाऊक होते. तरी मी म्हणालो, "आजी, निज ज्येष्ठात येईल. पण दिवस आत्ता सांगत नाही. नवमी अपराह्णी कोणत्या दिवशी आहे ते पाहून उद्या सकाळी घरी येतो."

"ये," त्या म्हणाल्या. "येताना पंचांग घेऊन ये. मुलाला पुण्यास रजेसाठी लवकर कळवायचे आहे."